साळवेबाईंची साक्ष

साळवेबाईंची नजर आमच्या फ्रिजमध्ये राहायची. दाराच्या वरच्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी. बोटाएवढी पांढरी बाटली होती ती, काचबिंदूच्या थेंबांची. डॉक्टरांनी औषध थंड जागी ठेवायला सांगितलं होतं आणि हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दुमजली इमारतीत फ्रिज एकच होता, आमचा. वडिलांनी बोनसमधून तो आणला त्या दिवसापासून तो नावापुरताच आमचा राहिला. कुणाचं दूध, कुणाच्या मोगऱ्याच्या कळ्या, कुणाचं इडलीचं पीठ. पण आईला काळजी फक्त त्या बाटलीची. अंडं काढताना हात लागून पडली तर? लाइट गेली आणि औषध तापलं तर? आमच्या आईला काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालं की उलट तिला जरा हायसं वाटे. मी तिचीच मुलगी. तेव्हा पुढचं सगळं मी काळजीनेच सांगणार, हे आधीच सांगितलेलं बरं.

बाई शेजारच्याच खोलीत राहायच्या. सकाळी शाळेत निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी दिवे लागले की आमच्याकडे यायच्या. दारातूनच आईला "जय भीम, शांता" म्हणायच्या आणि आई त्यांना "सलाम, बाई" म्हणायची. आम्ही बौद्ध, त्या नगरकडच्या ख्रिस्ती. एकीचा नमस्कार दुसरीने करायचा, हे त्यांचं कधी ठरलं ते मला माहीत नाही. मग बाई स्वतःचं कपाट उघडावं तसा फ्रिज उघडायच्या, खुर्चीत बसून मान मागे टाकायच्या, आई थेंब घालायची आणि बाई डोळे मिटून त्यांच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, एखादं गीत सुरू करायच्या. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे बंद ठेवायचे होते. बाईंच्या हिशेबाने चार कडवी म्हणजे पाच मिनिटं. आवाज खणखणीत, सूर मात्र स्वतःच्या मर्जीचा. शाळेला उशीर होत असला की चाल धावायला लागायची, पण एकही कडवं गाळलं जात नसे.

उंच, हाडापेराने मजबूत बाई होती. दोन्ही खांद्यांवरून पदर, हातात एकच घड्याळ, बोटांच्या पेरांत कायम खडूची पूड. अंबरनाथच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई कधीकधी रात्रीच्या जेवणाला त्यांची सगळी साखळी आमच्यापुढे मांडायची. डोळे गेले की नोकरी गेली, नोकरी गेली की खोलीचं भाडं कुठून, आणि मग बाई जाणार कुठे? वडील म्हणायचे, "अगं, जेवू दे." आई म्हणायची, "जेवा की. मी कुठे ताट ओढलंय?"

बाईंबरोबर उल्हासनगरच्या कापडबाजारात जायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. मी तेव्हा नुकती एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते आणि चांगल्या साड्या घ्यायची हौस होती. बाईंना घासाघीस करायची हौस होती. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, इससे कम में घर में नहीं पड़ता." बाई कापड बोटांनी चोळत म्हणायच्या, "घर का मत बोलो भाईसाब, कपडे का बोलो." जमलं नाही की सरळ उठायच्या, दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आणि खाली चप्पल घालायला नको इतका वेळ लावायच्या. मी लाजेने पुढे निघालेली असायचे. मागून हाक यायचीच, "अदी, सुनो तो!" अदी म्हणजे सिंधीत बहीण. बाई माझ्याकडे बघून डोळा मारायच्या. "हाक आल्याशिवाय चप्पल घालायची नाही, नंदा. शिकून ठेव."

देवाशीही त्यांचं हेच चालायचं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती आणि बाईंना हळू बोलणं माहीत नव्हतं. "प्रभू, उजवा पुरा ठेव. डावा अर्धा असला तरी मी भागवीन. नोकरी संपेपर्यंत तरी दे. मग बघ, संडे स्कूल मी मरेपर्यंत चालवते." एखाद्या दिवशी रागावून म्हणायच्या, "नसेल द्यायचं तर तसं सांग, मी विचारणारच नाही." मग बराच वेळ शांतता. आई मला कोपराने ढोसून कुजबुजायची, "पायरी उतरल्या बघ." आम्हाला हसू यायचं, आणि हसताना काळजीही वाटायची.

कारण बाई रोज त्या देवाची परीक्षा घेत होत्या, हे आम्हाला दिसत होतं. थेंब घालून झाले की त्या गॅलरीत कठड्याशी उभ्या राहायच्या. समोर रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी होती, तिच्यावर निळी पाटी. वर मोठ्या अक्षरांत 'जय मल्हार पिठाची गिरणी' आणि खाली बारीक, 'ओले धान्य दळून मिळणार नाही. तिखट फक्त शनिवारी.' बाई आधी डावा डोळा झाकून वाचायच्या. उजव्याने सगळं दिसे. मग उजवा झाकायच्या. डाव्याने कधी नुसतं 'पिठाची' दिसे, कधी 'मल्हार पिठाची'. जेवढे शब्द जास्त तेवढा बाईंचा दिवस बरा. 'गिरणी' गायब झाली की त्या दिवशी शाळेतल्या पोरांची धडगत नसे. आम्ही दोघी मायलेकी आत भाकरी थापत कान देऊन बसायचो. वाचून झाल्यावर त्या "स्तुती असो" म्हणतात की नुसतंच "बरं" म्हणतात, त्यावर आमचाही दिवस ठरायचा.

उल्हासनगरचे त्यांचे डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे सिंधी गृहस्थ होते. ते दर वेळी एकच सांगायचे, "बाई, जो गया वो वापस नहीं आएगा. जो है, उसको संभालो." बाई बाहेर आल्यावर म्हणायच्या, "डॉक्टर चांगला आहे, पण त्याला माझा देव माहीत नाही."

मग कोणीतरी त्यांना उल्हासनगरमधल्या सभांबद्दल सांगितलं. एका लग्नाच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी बरं करण्याच्या सभा भरत. बाहेरगावचे एक ब्रदर येत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत. आंधळे, लंगडे, दमेकरी, सगळ्यांची गर्दी. बाईंच्या अंबरनाथच्या मंडळीतल्या पाळकांना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, ते फारसं पसंत नव्हतं, पण ते भिडस्त, त्यांनी अडवलं नाही. बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कठड्याशी उभं राहून उजवा डोळा झाकला आणि डाव्याने अख्खी पाटी वाचली. 'जय'पासून 'गिरणी'पर्यंत. मग खालची बारीक ओळ, शनिवारसकट.

अशी किंकाळी मारली की आई हातातलं पीठ घेऊन तशीच धावत गेली. बाई रडत होत्या, हसत होत्या, आईच्या पिठाच्या हातांना धरून नाचत होत्या. इमारतीतल्या बायका जमल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण पाटी वाचताना बाईंची मान हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत गेली होती, ते मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ तेव्हा मलाही कळला नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी त्या हॉलमध्ये माइकवर साक्ष दिली. साक्ष देणं हा त्यांच्यात मोठा रिवाज. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. त्या संध्याकाळी बाई थेंबांना आल्या नाहीत. आई बाटली घेऊन त्यांच्या दारात गेली.

"शांता, मी साक्ष देऊन आलेय," बाई म्हणाल्या. "आता थेंब घातले तर ती साक्ष खोटी नाही का पडणार? टाकून दे ती बाटली."

त्या ब्रदरनी औषध बंद करा असं सांगितलेलं नव्हतं. बाईंनीच ते काढलं होतं. गणित सुटल्यावर पाटी पुसायची, तसं.

"बाई, तुमचा देव बरं करतोय तर करू दे की," आई म्हणाली. "थेंब काय त्याच्या आड येतात?"

"तुला नाही कळायचं ते," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या आईला असं पहिल्यांदाच बोलल्या. आई परत आली, बाटली होती तिथे अंड्यांशेजारी ठेवली आणि भांडी जरा जोरात घासली.

त्यानंतरचे महिने मला अजून आठवतात. बाई खुशीत होत्या. पाटी रोज पुरी वाचायच्या, चार लोकांना आपली साक्ष सांगायच्या. आणि इकडे आमच्या दारातली बादली त्यांच्या पायाने उलटायची, उंबऱ्याला ठेच लागायची, डावीकडून येणाऱ्या माणसावर त्या सरळ आदळायच्या आणि वर म्हणायच्या, "काय हे, समोर बघून चालत नाहीत लोक!" आम्ही दोघी सकाळी उठून गॅलरीतल्या सगळ्यांच्या बादल्या भिंतीशी सरकवून ठेवायला लागलो. विचारलं तर काय सांगणार? आई एक दिवस औषधाच्या दुकानात जुनी बाटली दाखवून नवी घेऊन आली. "जुनीची मुदत संपली," एवढंच म्हणाली. तीही कोणी उघडली नाही.

एका शनिवारी दुपारी बाई शाळेतून आल्या त्या सरळ आमच्याकडे. सलाम नाही, जय भीम नाही. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर. चेहरा पांढराफटक.

"माझ्या वर्गात डावीकडे खिडकीची रांग आहे ना," त्या म्हणाल्या, "तिथे बसायला पोरं भांडतात, हे मी बरेच दिवस बघतेय. मला वाटलं, वाऱ्यासाठी. आज कळलं. पोरांनी आपापसांत ठरवून टाकलंय, बाईंना खिडकीची रांग दिसत नाही. तिथे बसलं की चिंचा खाता येतात, गप्पा मारता येतात. सगळ्या वर्गाला माहीत आहे, शांता. मला सोडून."

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"त्या रांगेत एक पोरगी आहे. तोंडातून शब्द न काढणारी. आज ती किती वेळ हात वर करून बसली होती कोण जाणे. बाहेर जायचं होतं तिला. मी बघितलंच नाही. शेवटी बाकावरच झालं तिचं. पोरं हसली तेव्हा मी मान फिरवली, तर ती तिथे अजून हात वर करूनच बसलेली." बाईंचा आवाज फुटला. "मला बरं केलं म्हणून मी गावभर सांगत सुटलेय, आणि त्या लेकराला तेवढा वेळ हात खाली करता आला नाही."

मग त्या उठल्या. फ्रिजपर्यंत गेल्या, पण उघडेनात. "टाकलीस का गं ती बाटली?"

आईने दार उघडलं. अंड्यांच्या शेजारी नवी बाटली होती, सील न तोडलेली. बाईंनी ती हातात घेतली आणि खाली फरशीवरच बसून लहान मुलीसारख्या रडल्या. आई त्यांच्या शेजारी बसली.

सोमवारी मी रजा काढून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. तपासून झाल्यावर म्हणाले, "लेफ्ट में अब बहुत थोड़ा बचा है. राइट में भी साइड का गया." मग त्यांनी समजावून सांगितलं, हा आजार कडेने खात येतो. समोरची अक्षरं शेवटपर्यंत दिसू शकतात. मान फिरवत गेलं की आंधळा होत चाललेला माणूसही अख्खी पाटी वाचतो. बाई सगळं ऐकत होत्या. रोज सकाळी ज्या पाटीवर त्या देवाची परीक्षा घेत होत्या, ती पाटी मुळी खरं सांगतच नव्हती.

जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला. "नंदा, माझी साक्ष ऐकून कोणी औषध बंद केलं असेल का गं?"

मी म्हटलं, "नसेल हो, बाई."

"शंभर माणसं होती. कोणाच्या तरी घरात बाटली फेकून दिली असेल." त्या पायरीवरच थांबल्या. "मला तिथे परत गेलं पाहिजे. साक्ष मागे घ्यायला."

साक्ष मागे घेतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या पाळकांनीही ऐकलं नव्हतं. त्यांनी बाईंना समजावलं, तिथे तमाशा होईल, इथे आपल्या मंडळीत बोला. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, चिखल जिथे केला तिथेच पुसायला हवा." आईला रात्रभर झोप नाही. "तू जा त्यांच्याबरोबर," मला म्हणाली. "मारतील-बिरतील. आणि हे बघ, दारापाशी उभी राहा, आत फसू नकोस."

रविवारी दुपारी आम्ही त्या हॉलवर गेलो. पंखे गरगरत होते, ढोलक आणि कीबोर्ड जोरात, लोक हात वर करून गात होते. माझ्या आजूबाजूला काय काय दुखणी होती! मांडीवर वाकड्या मानेचं मूल घेऊन बसलेली बाई, गाठोड्यासारखा आणलेला म्हातारा. त्यांच्या तोंडावरची आशा पाहून मला वाटलं, बाईंना इथूनच परत न्यावं. या लोकांपुढे काय सांगणार? पण बाई साक्ष देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी दारात उभं राहायचं विसरून त्यांच्या डाव्या बाजूला गेले. त्या बाजूने कोणी ढकललं तर त्यांना दिसणार नव्हतं.

ब्रदरनी त्यांना ओळखलं. हसून माइक दिला. "ये हमारी टीचर बहन! प्रभु ने इनकी आँखें खोलीं!" टाळ्या झाल्या.

बाईंनी माइक दोन्ही हातांनी धरला. हिंदी त्यांची बेताचीच. "मैंने इधर गवाही दी थी," त्या म्हणाल्या, "कि मेरी आँख अच्छी हो गई. वो गवाही मैं वापस लेने आई हूँ. मेरी आँख अच्छी नहीं हुई. मैंने दवाई बंद की, तो और खराब हुई. मेरा सुनकर किसी ने दवाई बंद की होगी, तो आज से चालू करो. हाथ जोड़ती हूँ."

ढोलकवाल्याचा हात हवेतच राहिला. ब्रदर पुढे आले, आवाज मऊच होता त्यांचा. "बहनजी, शैतान ऐसे ही विश्वास को कम करता है."

"विश्वास कम नहीं हुआ, ब्रदर," बाई म्हणाल्या. "नजर कम हुई है. दोनों अलग बात है."

कोणीतरी माइक काढून घेतला. कीबोर्ड पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने. मागून एक माणूस ओरडला, "बाहर निकालो!" मी बाईंना कवेत धरून दाराकडे ओढलं. त्या अडखळल्या, पडल्या नाहीत. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा बाईंच्या एका पायात चप्पल नव्हती. मागून चपलांचा फटफट आवाज आला. मला वाटलं, आला कोणीतरी भांडायला. एक म्हातारी सिंधी बाई होती, पांढऱ्या ओढणीतली. धापा टाकत होती. हातात बाईंची चप्पल.

"अदी," ती म्हणाली, "सुनो तो. वो आँख का डॉक्टर किधर बैठता है?"

बाईंनी पत्ता सांगितला. दोनदा सांगितला, मग तिच्याकडून म्हणवून घेतला, तिसरीतल्या पोराकडून घ्यावा तसा.

त्यानंतर बाईंना एकदम शांती मिळाली असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. थेंब पुन्हा सुरू झाले, पण गीत बंद. त्या मान मागे टाकून नुसत्या बसायच्या. भिंतीपलीकडची प्रार्थनाही ऐकू येईना. ती गप्प भिंत आम्हाला खायला उठायची. आईने बरेच दिवस सोसलं, मग एका संध्याकाळी म्हणाली, "बाई, म्हणा ना काहीतरी. मला पाच मिनिटं कळत नाहीत."

बाईंनी त्या दिवशी एकच कडवं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन.

आई सडेतोड. तिने एकदा विचारलंच, "बाई, एक विचारू? आमच्यात देवाकडे मागणंच नाही, त्यामुळे रुसणंही नाही. तुम्ही एवढं मागितलं, त्याने दिलं नाही. मग धरून कशाला ठेवलंय?"

बाई डोळे मिटूनच होत्या. "मीही हेच विचारत होते, शांता. त्या हॉलमधून आले ना, तेव्हा मी खरंच पायरी उतरले होते. या वेळी नाटक नव्हतं. चप्पलसुद्धा घातली. वाट बघितली, हाक मारतो का. नाही मारली." मग म्हणाल्या, "तो दुकानात बसून हाक मारणारा नाही गं. माझ्याबरोबर खाली उतरला होता. इतके दिवस मी वर बघत होते आणि तो माझ्या शेजारी उभा. डाव्या बाजूला असणार. म्हणून दिसला नाही."

आईला ते पटलं की नाही, माहीत नाही. पण तिला हसू आलं आणि बाईंनाही.

त्यानंतर त्या कठड्याशी जायच्या त्या केस विंचरायला. पाटीकडे बघणं सुटलं. मंडळीत दर रविवारी 'साळवेबाईंच्या डोळ्यांसाठी' प्रार्थना होई, ती त्यांनी बंद करायला लावली. "माझा नंबर झाला. आता दुसऱ्या कोणाचं नाव घ्या." कापडबाजारातली घासाघीस मात्र तशीच राहिली. उलट कमी दिसू लागल्यापासून बोटांनीच कापड ओळखायच्या आणि दुकानदाराला आणखी छळायच्या. त्यांची घासाघीस देवापुरतीच संपली होती.

एका रविवारी त्यांना सोडायला अंबरनाथला गेले होते तेव्हा त्यांच्या संडे स्कूलमध्ये, चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गात, मागे बसले. बाई त्यांच्या धर्मग्रंथातली भट्टीतल्या तिघांची गोष्ट सांगत होत्या. राजा म्हणतो मूर्तीला वाका, नाहीतर आगीत टाकतो. ते तिघे म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवील. आणि नाही सोडवलं, तरी आम्ही वाकणार नाही. परत येताना बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय. पहिलं वाक्य केवढ्याने म्हणायची, आणि दुसरं उरकून टाकायची. भीतीच वाटायची त्या वाक्याची. पोरांनाही कळत असेल."

त्या दिवशी त्यांनी दुसरं वाक्य फळ्यापाशी उभं राहून सावकाश म्हटलं होतं.

नव्वदच्या पुढच्या वर्षांत बाई निवृत्त झाल्या. वेळेआधीच व्हावं लागलं. डावा डोळा गेला, मग उजवाही मिटत मिटत बोगद्याएवढा झाला आणि एका हिवाळ्यात तोही बंद पडला. आईची सगळी साखळी खरी ठरली, फक्त शेवटची कडी सोडून. भाड्याला पेन्शन पुरलं, आणि बाई कुठेच गेल्या नाहीत. आमच्या भिंतीपलीकडेच राहिल्या, भिंतीला हात लावत यायच्या, खुर्चीवर बसायच्या. भीती त्यांनाही वाटे. रात्री उठल्या आणि दार कुठे ते कळेना, की भिंतीवर टकटक करायच्या. आई इकडून टकटक करायची. एवढ्याने भागायचं.

मी लग्न होऊन कात्रपला राहायला गेले, तरी कान हेंद्रेपाड्यातच होते. आणि मग आईला दिसेनासं झालं. मी हादरले. तिला तर वाटलं, बाईंचंच आपल्याला लागलं. निघाला मोतीबिंदू. ऑपरेशनने जाणारा, साधा. पण आईला साधं काही नसतं. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर ती जेवली नाही. बाई तिचा हात धरून बसायच्या, मनात काही म्हणायच्या. आईने विचारलं, "मागताय का माझ्यासाठी?"

"मागते की," बाई म्हणाल्या. "पण भाव ठरवत नाही."

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि आईला लख्ख दिसायला लागलं. थेंबांची बाटली पुन्हा आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी आली. मी आईकडेच मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भिंत चाचपत आल्या. "जय भीम, शांता."

"सलाम, बाई," आई म्हणाली आणि पदराचं टोक पिळत राहिली. ज्या बाईने अर्धं आयुष्य डोळे मागितले तिच्यासमोर, कधी काही न मागणाऱ्या माझ्या आईला ते मिळाले होते. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, भीत भीत. काही हललं तर मला दिसेल म्हणून.

"चल, कठड्यापाशी," बाई म्हणाल्या. आईचा हात त्यांनीच धरला आणि तिला गॅलरीत नेलं. "पाटी वाच."

आईने समोर पाहिलं. ऊन पडलं होतं, निळ्या रंगावरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. ती माझ्याकडे वळली, मग बाईंकडे. "पुसटच आहे गं बाई," ती म्हणाली. "नीट नाही लागत."

"शांता," बाई म्हणाल्या, "खोटी साक्ष देऊ नकोस. मी दिलीय, फार महाग पडते. वाच."

आईने पदराने डोळे टिपले, ऑपरेशनचा डोळा सांभाळून. "जय मल्हार," ती म्हणाली. "पिठाची गिरणी."

"स्तुती असो," बाई म्हणाल्या. तोच खणखणीत आवाज, खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. त्यांची मान जराशी वर उचललेली, डोळे रस्त्यापलीकडे, आणि चेहऱ्यावर, मी कितीही शोधलं तरी, आनंदाशिवाय काहीच नव्हतं. "बघ, मागितलेले डोळे आले शेवटी. एक दार चुकले, एवढंच."

आई हमसून रडायला लागली.

"रडू नको, टाके आहेत," बाई म्हणाल्या. "आता खालची बारीक ओळ."

आई वाचत गेली, ओले धान्य, दळून मिळणार नाही, आणि बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग बाईंनी तिला खुर्चीपर्यंत आणलं, फ्रिज उघडला, अंड्यांशेजारची बाटली चाचपून काढली आणि म्हणाल्या, "मान मागे टाक. डोळे मीट. चार कडवी."